कंबरेचा एमआरआय आणि ठिसूळ हाडे

लातूरमध्ये क्ष-किरणतज्ज्ञ म्हणून काम करताना माझ्यासमोर येणाऱ्या एमआरआय तपासण्यांत कंबरेच्या मणक्यांचा वाटा सर्वांत मोठा असतो. औसा, निलंगा, रेणापूर, अहमदपूर आणि पलीकडे केज-अंबाजोगाईपर्यंतचे रुग्ण येतात, त्यांत साठीच्या पुढच्या स्त्रिया बहुसंख्येने असतात, आणि सोबतच्या नातेवाइकांचा प्रश्न ठरलेला असतो: "नस दबलीय का?" किंवा "गादी सरकलीय का?" अहवालही बहुधा याच प्रश्नाचे उत्तर देतो. कोणती चकती किती मिलिमीटर फुगली, नसेची वाट किती अरुंद झाली, सांध्यांवर किती झीज आहे, हे सगळे त्यात सविस्तर असते. त्या चकत्या ज्या हाडांच्या मध्ये बसल्या आहेत, ती हाडे मजबूत आहेत की पोकळ होत चालली आहेत, याविषयी मात्र पुष्कळदा एक ओळही नसते. उतारवयातील रुग्णाचा कंबरदुखीसाठी एमआरआय काढला जाणारच असेल, तर त्याच चित्रांतून हाडाच्या ठिसूळपणाचा अंदाज घेणे हा त्या तपासणीचाच भाग मानला पाहिजे, असे माझे मत आहे. त्यासाठी रुग्णाला वेगळा खर्च नाही, यंत्रात एक मिनिटही जास्त पडून राहावे लागत नाही.

पहिली शंका रास्त आहे. हाडाची ताकद कॅल्शियममध्ये असते आणि एमआरआयला कॅल्शियम दिसत नाही. हे यंत्र शरीरातील पाणी आणि चरबी यांच्यातील हायड्रोजनच्या अणुकेंद्रांकडून येणारा संदेश पकडते; हाडाच्या कठीण कवचात असा मोकळा हायड्रोजन जवळजवळ नसल्यामुळे ते कवच चित्रात काळे दिसते. मग हाड कमी झाले हे कळणार कसे? उत्तर मणक्याच्या आत आहे. मणक्याचा मुख्य भाग भरीव नसतो. त्यात हाडाच्या बारीक पट्ट्यांची जाळी असते आणि जाळीच्या छिद्रांत अस्थिमज्जा भरलेली असते. तरुणपणी ही मज्जा मुख्यतः रक्त तयार करणारी, म्हणजे लाल असते आणि तिच्यातील चरबीचे प्रमाण साधारण पाव भाग असते. वय वाढते तशी लाल मज्जेची जागा पिवळी, चरबीयुक्त मज्जा घेते आणि म्हातारपणी हे प्रमाण निम्म्याच्या आसपास किंवा त्याहून वर जाते. पन्नाशीपर्यंत पुरुषांच्या मणक्यांत चरबी जास्त असते. पाळी थांबल्यानंतर स्त्रिया त्यांना मागे टाकतात. हाडाची जाळी विरळ होणे आणि मज्जेत चरबी वाढणे या दोन गोष्टी सोबतीने घडतात, कारण हाड बांधणाऱ्या पेशी आणि चरबीच्या पेशी मज्जेतील एकाच मूळ पेशीपासून तयार होतात. ती मूळ पेशी एका वाटेला अधिक वळली की दुसऱ्या वाटेला कमी मिळते.

एमआरआयच्या टी-वन नावाच्या चित्रमालिकेत चरबी पांढरी आणि पाणी काळे दिसते. म्हणून ज्या मणक्यात चरबी जास्त, तो टी-वन चित्रात अधिक उजळ. वीस वर्षांच्या मुलाचा मणका आणि पंचाहत्तर वर्षांच्या आजींचा मणका शेजारी ठेवले तर हा फरक कोणालाही दिसेल. पण "उजळ दिसतो" हे मोजमाप होत नाही. एमआरआयमधील उजळपणाच्या आकड्याला स्वतःचे एकक नसते. यंत्र बदलले, संदेश टिपणारी कॉइल बदलली की तोच मणका वेगळा आकडा देतो. सीटी स्कॅनमध्ये पाणी म्हणजे शून्य असे सर्वत्र ठरलेले आहे, तशी सोय इथे नाही.

या अडचणीतून वाट काढण्याचे प्रयत्न गेल्या दहा-बारा वर्षांत झाले. २०१५ मध्ये इटलीतील डॉक्टरांनी मणक्याच्या उजळपणाची तुलना निरोगी तरुण स्त्रियांच्या मणक्यांशी करणारा एक गुणांक मांडला. त्यानंतर अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील मणक्यांच्या शल्यचिकित्सकांनी, २०१९-२० च्या सुमारास, त्याहून सोपी पद्धत सुचवली. तिला व्हीबीक्यू म्हणतात. कंबरेच्या पहिल्या चार मणक्यांचा टी-वन चित्रातील उजळपणा मोजायचा, त्यांचा मध्यक काढायचा आणि त्याला तिसऱ्या मणक्याच्या पातळीवरील मेरुद्रवाच्या, म्हणजे कण्यातील नसांभोवतीच्या द्रवाच्या, उजळपणाने भागायचे. मेरुद्रव जवळजवळ पाण्यासारखाच असल्याने तो प्रत्येकाच्या चित्रात असलेला एक तयार संदर्भ ठरतो. भागाकार जितका मोठा, तितकी मज्जेत चरबी जास्त आणि हाडाची प्रत खालची. शल्यचिकित्सकांना याची गरज का वाटली तेही समजण्यासारखे आहे: ठिसूळ मणक्यात बसवलेले स्क्रू सैल होतात, आणि शस्त्रक्रियेपूर्वी प्रत्येकाचा एमआरआय झालेला असतो, पण प्रत्येकाची हाडांची घनता तपासलेली नसते. माझ्या अनुभवात ही मोजणी करायला संगणकावर पाच मिनिटे पुरतात. काही नव्या यंत्रांत पाणी आणि चरबी वेगळी करून चरबीचे थेट टक्के देणारी चित्रमालिकाही असते आणि ती अधिक भरवशाची आहे. आपल्याकडच्या बहुतेक केंद्रांत मात्र नेहमीच्या टी-वनवरच काम भागवावे लागते.

हाडांच्या घनतेची प्रमाण तपासणी डेक्सा हीच आहे, आणि एमआरआय तिची जागा घेत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने १९९४ मध्ये ठरवलेली व्याख्या आजही वापरात आहे: टी-स्कोअर, म्हणजे निरोगी तरुण हाडांच्या तुलनेतला घनतेचा आकडा, उणे २.५ किंवा त्याखाली असेल तर ऑस्टिओपोरोसिस (हाडे विरळ व ठिसूळ होण्याचा आजार), उणे १ ते उणे २.५ च्या दरम्यान असेल तर घनता घटलेली. औषध सुरू करण्याचे बहुतेक निर्णय आणि औषधांच्या चाचण्या याच आकड्यांवर उभ्या आहेत. आमच्या भागात तालुक्याच्या गावी डेक्सा मिळत नाही. गावोगावच्या मोफत शिबिरांत टाचेवर लावले जाणारे छोटे यंत्र ध्वनिलहरींवर चालते. त्याच्या चिठ्ठीवरून रोगनिदान होत नाही, तरी ती चिठ्ठी फाइलमध्ये जपून ठेवलेली असते आणि तिच्यावर वर्षानुवर्षे कॅल्शियमच्या गोळ्या चाललेल्या असतात.

डेक्साची एक अडचण नेमकी कंबरदुखीच्या म्हाताऱ्या रुग्णांतच उभी राहते. डेक्सा हाडाची सावली मोजते. किरणांच्या वाटेत जे जे कॅल्शियम येईल ते सर्व त्या हिशेबात धरले जाते. वयस्क मणक्याच्या कडांवर हाडाची टोके वाढलेली असतात, सांधे कठीण झालेले असतात, समोरून जाणाऱ्या महाधमनीच्या भिंतीत कॅल्शियम साचलेले असते. मणका दबून बसका झाला असेल तर तेवढेच खनिज कमी जागेत मावते आणि घनता वाढल्यासारखी दिसते. परिणामी मणक्याचा टी-स्कोअर चांगला येतो आणि हाड प्रत्यक्षात कमकुवत असते. म्हणूनच खुब्याचा आकडाही पाहावा लागतो. एमआरआयमधील मोजणी मणक्याच्या मधल्या भागात, कडांपासून दूर केली जात असल्याने या वाढीव कॅल्शियमचा तिच्यावर फारसा परिणाम होत नाही. दोन्ही तपासण्या एकमेकींना पूरक कशा, हे इथे कळते. नांदेड जिल्ह्यातील किनवटकडच्या काही गावांत पाण्यातील फ्लोराइडचा प्रश्न आहे. फ्लोरोसिसमध्ये मणके डेक्सावर भक्कम वाटतात आणि तरीही ते कडक व ठिसूळ असू शकतात. कठीण झालेला मणका टी-वनवरही काळपट दिसतो, त्यामुळे अशा रुग्णात व्हीबीक्यूचा आकडाही फसवा चांगला येईल. तिथे साधा एक्स-रे आणि रुग्ण कोणत्या गावचे पाणी प्यायला, ही चौकशी जास्त उपयोगाची.

आकड्यांच्या मर्यादा इथेच संपत नाहीत. व्हीबीक्यूची सर्वमान्य सीमारेषा अजून ठरलेली नाही. वेगवेगळ्या अभ्यासांनी वेगवेगळ्या रेषा सुचवल्या आहेत, आणि दीड टेस्ला (चुंबकाच्या ताकदीचे एकक) यंत्रावरील आकडा तीन टेस्लाच्या यंत्रावर जसाच्या तसा लागू होईल असे समजणे धोक्याचे आहे. नसांची वाट फार अरुंद झाली असेल तर तिसऱ्या मणक्यामागे मोजण्यापुरता मेरुद्रवच शिल्लक राहत नाही. मणक्यात रक्तवाहिन्यांची निरुपद्रवी गाठ असेल तर तो उगाच उजळ दिसतो. याहून महत्त्वाचे कारण आपल्या भागात आहे आणि त्याकडे दुर्लक्ष होते: रक्तक्षय. रक्त कमी असले की शरीर मज्जेतील चरबी मागे सारून पुन्हा लाल मज्जा वाढवते, आणि लाल मज्जा टी-वनवर काळपट दिसते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांत रक्तक्षय आढळला होता. पन्नाशी ओलांडली की तो आपोआप बरा होतो असे नाही. हिमोग्लोबिन ८ असलेल्या आजींचा मणका काळपट दिसला म्हणून हाड उत्तम आहे असे लिहिणारा अहवाल त्यांचे नुकसानच करील. मज्जेच्या कर्करोगातही मणके असेच काळवंडतात. त्यामुळे व्हीबीक्यू जास्त आल्यास पुढची तपासणी करावी, हे म्हणणे बरोबर. कमी आल्यास निर्धास्त राहावे, असे मी कधीच म्हणणार नाही.

एमआरआयचा खरा आणि निर्विवाद उपयोग मात्र गुणांकात नाही, मोडलेला मणका ओळखण्यात आहे. मणक्याचे बहुतेक ठिसूळपणाचे अस्थिभंग पडल्याशिवायच होतात. खोकला, वाकून बादली उचलणे, बसमधला एखादा जोराचा हादरा एवढे निमित्त पुरते. अशा अस्थिभंगांपैकी केवळ एक तृतीयांशच्या आसपास वेळीच ओळखले जातात. उरलेले "वयाची कंबर" म्हणून सोडून दिले जातात. उंची दोन-तीन इंच कमी होते, पाठीला बाक येतो, पदर सारखा खांद्यावरून घसरू लागतो, आणि घरच्यांना वाटते की म्हातारपण आले. एक अस्थिभंग झाल्यानंतर एका वर्षाच्या आत सुमारे पाचांपैकी एका स्त्रीचा आणखी एखादा मणका मोडतो, हे लक्षात घेतले तर पहिला अस्थिभंग नोंदवण्याचे महत्त्व वेगळे सांगायला नको. शिवाय किरकोळ कारणाने मोडलेला मणका हा स्वतःच ऑस्टिओपोरोसिसचा पुरावा आहे; कर्करोग आणि क्षय वगळले की त्यासाठी टी-स्कोअर उणे २.५ येण्याची वाट पाहावी लागत नाही.

मणक्याची उंची किती कमी झाली यावर या अस्थिभंगांची प्रतवारी १९९३ पासून चालत आली आहे: २० ते २५ टक्के घट सौम्य, ४० टक्क्यांपर्यंत मध्यम, त्यापुढे तीव्र. साध्या एक्स-रेवरही हे मोजता येते, पण अस्थिभंग ताजा की जुना हे एक्स-रे सांगू शकत नाही. चरबीचा उजळपणा दाबून टाकणाऱ्या स्टर नावाच्या चित्रमालिकेत ताजा अस्थिभंग पांढरा लखलखतो, कारण तिथे सूज असते. जुना, भरून आलेला मणका शेजारच्या मणक्यांसारखाच शांत दिसतो. आजचे दुखणे कोणत्या मणक्याचे, हे त्यावरून नेमके सांगता येते. हे अस्थिभंग पाठीचा बारावा आणि कंबरेचा पहिला मणका या जोडाजवळ सर्वाधिक होतात, आणि कंबरेच्या चित्राच्या वरच्या कडेला असलेल्या या भागाकडे चकत्या मोजणाऱ्याचे लक्ष सहज जात नाही. संपूर्ण कण्याचे झटपट स्क्रीनिंग सोबत केले असेल तर छातीमागचे मणकेही तपासावेत. ते नसले तरी सुरुवातीला जागा ठरवण्यासाठी काढलेल्या लहान चित्रांवर एक नजर टाकावी.

मोडलेला प्रत्येक मणका ठिसूळपणानेच मोडलेला असतो असेही नाही. मराठवाड्यात मणक्याचा क्षय आजही नियमित दिसतो. त्यात शेजारचे दोन मणके आणि त्यांच्यामधली चकती मिळून खराब होते आणि बाजूला पू साचतो. कर्करोग पसरलेला असेल तर मणक्याची मागची कड फुगीर होते, मागच्या कमानीही बाधित होतात आणि हाडाबाहेर गाठ दिसते. ठिसूळपणाच्या अस्थिभंगात मज्जेचा काही भाग नेहमीसारखा शिल्लक राहतो, मोडलेल्या कडेजवळ काळी रेघ दिसते, कधी पाण्याची एक चीर दिसते. हे वेगळेपण ओळखण्यात एमआरआयइतकी मदत दुसरी कोणतीही तपासणी करत नाही.

"उतारवय" कधी सुरू होते, याचाही विचार आपल्याकडे वेगळा करावा लागतो. बीड जिल्ह्यातील तांड्यावरून आलेल्या एका ऊसतोड कामगार बाईंना मी विचारले, "मावशी, कुठं पडला होता का?" त्या म्हणाल्या, "न्हाई बा, पडले-बिडले न्हाई. मोळी उचलताना कंबरंत कट्टकन् वाजलं, तवापासून बसता येईना." पन्नाशीही न गाठलेल्या या बाईंचा कंबरेचा पहिला मणका पाचरीसारखा दबलेला होता, आणि पिशवी काढून कितीतरी वर्षे उलटली होती. हे एकटे उदाहरण नाही. २०१९ मध्ये राज्य सरकारने नेमलेल्या समितीने बीड जिल्ह्यातील ८२ हजारांहून अधिक ऊसतोड महिलांची पाहणी केली, तेव्हा १३ हजारांहून अधिक जणींची गर्भाशये काढलेली आढळली. गर्भाशयासोबत अंडाशयेही काढली गेली असतील तर इस्ट्रोजेन एकाएकी घटते आणि हाडे झपाट्याने विरळ होऊ लागतात. अंडाशये ठेवली असली तरी पाळी थांबण्याचे शारीरिक बदल काही वर्षे आधी येऊ शकतात. अशा स्त्रीचे पंचेचाळिसावे वर्ष हाडांच्या दृष्टीने साठीसारखे असू शकते. ज्या शस्त्रक्रियांची चर्चा दिवसमजुरी बुडण्याच्या आणि डॉक्टरांच्या नफ्याच्या अंगाने झाली, त्यांचे हाडांवरचे परिणाम पुढची वीस वर्षे आमच्या पडद्यांवर दिसत राहणार आहेत. दुसरे कारण आहे कंबरदुखीवरच घेतलेल्या पुडीतल्या गोळ्या. ज्या गोळीने पहिल्याच दिवशी चमत्कार वाटावा इतका आराम पडतो, तिच्यात स्टेरॉइड असण्याची शक्यता मोठी असते, आणि रोज थोड्या मात्रेचे स्टेरॉइड सलग तीन महिने घेतले तरी हाडांची हानी होते. दुखण्यावर घेतलेली गोळीच दुखण्याचे नवे कारण तयार करते.

एमआरआयशिवाय आणखी एक तपासणी अशीच फुकटची माहिती देऊन जाते. आपल्या उन्हात मुतखड्याचे रुग्ण पुष्कळ, आणि त्यांच्यापैकी अनेकांच्या पोटाचा सीटी झालेला असतो. त्यात कंबरेच्या पहिल्या मणक्याची घनता थेट मोजता येते. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अमेरिकी अभ्यासानुसार ती ११० हाउन्सफील्ड एककांच्या (सीटीतील घनतेचे माप) खाली असेल तर ऑस्टिओपोरोसिसची शक्यता बरीच, आणि १६० च्या वर असेल तर ती कमी. घरात जुना सीटी असेल तर तो कंबरदुखीच्या वेळीही डॉक्टरांना दाखवावा.

केवळ हाडे तपासण्यासाठी मात्र एमआरआय काढू नये. तो महाग आहे आणि त्या कामासाठी डेक्सा स्वस्त आणि अधिक चांगली आहे. पाठीला बाक आलेल्या ज्येष्ठांना वीस-पंचवीस मिनिटे उताणे, न हलता पडून राहणे हीच मोठी शिक्षा असते. मानेखाली आणि गुडघ्यांखाली जाड उशी मागून घ्यावी, ती द्यायला तंत्रज्ञांची हरकत नसते. तपासणी झाल्यावर केवळ फिल्म घेऊन जाऊ नये, सीडीही मागावी. फिल्मवर उजळपणा मोजता येत नाही. सीडीतील मूळ डायकॉम चित्रांवर तो दोन वर्षांनीही मोजता येतो आणि पुढच्या तपासणीशी तुलना करता येते.

संशय आला तर पुढचा क्रम ठरलेला आहे. हिमोग्लोबिन, ईएसआर, कॅल्शियम, फॉस्फरस, अल्कलाइन फॉस्फटेज, ड जीवनसत्त्व, क्रिएटिनिन आणि गरजेप्रमाणे पॅराथायरॉइड व प्रथिनांची तपासणी करून दुसरे आजार आधी वगळायचे, कारण ड जीवनसत्त्वाच्या तीव्र कमतरतेने मऊ झालेले हाड आणि ऑस्टिओपोरोसिसचे विरळ हाड यांचे उपचार वेगळे असतात. मग खुबा आणि मणका यांची डेक्सा. औषधांत आठवड्यातून एकदा उपाशीपोटी घ्यायची ७० मिलिग्रॅमची ॲलेंड्रोनेट गोळी किंवा वर्षातून एकदा शिरेतून द्यायचे ५ मिलिग्रॅम झोलेड्रॉनिक आम्ल हे नेहमीचे पर्याय आहेत. गोळीनंतर अर्धा तास आडवे व्हायचे नसते, आणि इंजेक्शनपूर्वी मूत्रपिंड व ड जीवनसत्त्व पाहावे लागते. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने पाळी थांबलेल्या स्त्रियांसाठी रोजचे कॅल्शियम १२०० मिलिग्रॅम सांगितले आहे. दूध-ताकाची सवय असलेल्या घरात त्यातला बराच भाग जेवणातून निघतो. ज्या घरातले दूध डेअरीला जाते, तिथे तो हिशेब जमत नाही.

आणि तपासणीला पाठवणाऱ्या डॉक्टरांना एक विनंती. आमच्याकडे येणाऱ्या चिठ्ठीवर "कंबरदुखी, एमआरआय एलएस स्पाइन" एवढेच लिहिलेले असते. त्याखाली वय, पाळी कोणत्या वर्षी थांबली, पिशवी काढली आहे का, स्टेरॉइडच्या गोळ्या चालू आहेत का, उंची कमी झाली आहे का आणि शेवटचे हिमोग्लोबिन किती होते, एवढ्या नोंदी असाव्यात, आणि शेवटी "मणक्यांची उंची व मज्जा यांविषयी कळवावे" अशी एक ओळ असावी.